शंभराची अट

विमानतळाच्या बाहेर आले तेव्हा माझ्या बॅगेत दोन डझन साबण, सहा जुन्या चादरी, एक मच्छरदाणी आणि कापसाचा एवढा मोठा गठ्ठा होता. कपडे म्हणाल तर पाच साड्या, त्याही वर कोंबलेल्या. हे सगळं जाऊबाईंचं काम. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून बजावलं होतं, की तिकडे काही म्हणजे काही मिळणार नाही, माणसं जमिनीवर झोपतात, तुमचं तुम्ही न्या. त्यांनी तो देश नकाशातही कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता, पण तीस वर्षं सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला 'गरीब देश' म्हटल्यावर जे दिसतं ते मला दिसत होतं, म्हणून मी गुपचूप साबण भरले.

शेवटची अकरा वर्षं मी थिएटरची इन्चार्ज होते. माझ्या पाठीमागे मला 'मिरची सिस्टर' म्हणत. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोच आमच्या सरांचा फोन आला. सर म्हणजे मोतीबिंदूचे सर्जन. पस्तीस-चाळीस हजार डोळे त्यांच्या हाताखालून गेले असतील. वर्षातून एकदा ते परदेशातल्या कुठल्यातरी छोट्या दवाखान्यात जाऊन आठवडाभर फुकट ऑपरेशनं करून येतात. त्यांना थिएटर सांभाळणारी सिस्टर हवी होती. "आणि पत्रव्यवहारही तुम्हीच बघा," ते म्हणाले, "तुम्हाला माणसं घाबरतात." मी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. आमचे हे म्हणाले, घरात बसून माझा जीव खाण्यापेक्षा जा बाई तिकडे.

दवाखान्याची गाडी आम्हाला न्यायला आली होती. सर पुढे, मी मागे बॅगा सांभाळत. तासाभरानं एका पांढऱ्या बैठ्या इमारतीपाशी गाडी थांबली आणि मला पहिला धक्का बसला. फरशी अशी लख्ख, की मी चपला कुठे काढायच्या ते बघू लागले. वॉर्डात वीस खाटा आणि वीसच्या वीस चादरींना इस्त्री. हात धुवायच्या जागी साबण होता आणि साबणाखाली पाणी निथळायची जाळी होती. आमच्याकडे अशा जाळीसाठी मी चार वर्षं अर्ज करत होते. बॅगेतले दोन डझन साबण आठवून माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथली डॉक्टरीण समोर आली. पस्तिशीची असेल, बारीक, केस घट्ट बांधलेले. दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर ती एकटीच. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं, दोघींचंही तोडकंमोडकं. मी आपलं ते मराठीत सांगते. माझ्या मुलीच्या वयाची म्हणून मनातल्या मनात मी तिला पहिल्या मिनिटापासून अगं-तुगं करायला लागले होते. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "पत्र लिहिणाऱ्या सिस्टर तुम्हीच ना?" म्हटलं, मीच. माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे असती तर झाली असती.

मग तिनं आम्हाला व्हरांड्यात नेलं. दोन्ही भिंतींना बाकं, आणि बाकांवर माणसंच माणसं. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी एकदम उठून उभी राहिली. काठ्यांचा आवाज झाला, मग टाळ्या सुरू झाल्या. त्यांतल्या निम्म्यांना आम्ही नेमके कुठे उभे आहोत ते दिसत नव्हतं, त्यामुळे काहीजण भिंतीकडे तोंड करून टाळ्या वाजवत होते. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. प्रत्येकाच्या छातीवर जाड कागदाचं कार्ड टाचलेलं, त्यावर आकडा. शेवटचा आकडा एकशे चार. सर माझ्या कानाशी म्हणाले, की त्यांच्या बावीस वर्षांत इतका शिस्तीचा कॅम्प त्यांनी पाहिला नाही. मी मनात म्हटलं, ही पत्रांची करामत.

पहिल्या बाकावर पहिला क्रमांक बसला होता. साठीचा, उंच, गळ्यात कापडी मापाची टेप. डॉक्टरीणीनं सांगितलं, हे शिंपी आहेत. डावा डोळा लहानपणीच गेलाय, दोरा-सुईच्या धंद्यात सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू. कॅम्पसाठी सगळ्यात आधी नाव यांचं लागलं, म्हणून एक नंबरचं कार्ड. ऑपरेशनला लागणारे सगळे होल टॉवेलही यांनीच शिवून दिलेत, एकशे चार, काही न घेता. शिंप्याच्या बाजूला त्यांची सून बसली होती. ती सासऱ्यांच्या बाहीला धरून होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. शिंप्यानं मात्र कार्डावर बोट ठेवून मान हलवली, शाळेत पहिला आलेल्या मुलासारखी.

दुपारी मी थिएटर ताब्यात घेतलं. मी कुठेही गेले तरी आधी दोन गोष्टी बघते, ड्रम आणि रजिस्टर. ड्रम म्हणजे वाफेवर निर्जंतुक केलेल्या कपड्यांचे डबे. झाकण काढायच्या आधी, अजून न वाफवलेला होल टॉवेलचा गठ्ठा टेबलावर होता, तो मी उलगडला. होल टॉवेल म्हणजे हिरव्या कापडाचा चौकोन आणि मधे डोळ्यापुरतं गोल भोक. पेशंटचा चेहरा झाकून फक्त डोळा उघडा ठेवायला. वरचे टॉवेल बघून मी चाट पडले. भोक कंपासनं काढल्यासारखं, काठाला बारीक दुहेरी टीप, एक धागा बाहेर नाही. अगदी पहिल्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची छोटी फुली होती. चाळीस-पन्नास टॉवेल असेच. मग टीप थोडी भरकटायला लागली. सत्तरच्या पुढे भोक लांबट झालं, शेवटच्या वीसांत तर एकाचं भोक थेट कोपऱ्यात गेलेलं आणि काठ नुसते दुमडून हातानं टाके घातलेले, कुणीतरी दुसऱ्यानंच.

माझा स्वभाव मला माहीत आहे, पण तोंड आवरत नाही. एक टॉवेल डॉक्टरीणीच्या समोर धरून मी विचारलं, हे कोणाच्या डोळ्याचं माप म्हणायचं, की शेवटी शेवटी शिंपीबुवांनी झोपेत मशीन चालवलं? ती हसली नाही. म्हणाली, शेवटचे सुनेनं पूर्ण केले. मला त्यातून काहीच कळलं नाही आणि मी म्हटलं, बरं, रजिस्टर दाखव.

रजिस्टर माझ्यापेक्षा चांगलं ठेवलेलं होतं. दर सोमवारी आठ ऑपरेशनं, कधी नऊ. नाव, वय, कुठला डोळा, किती दिवसांनी किती दिसलं. सगळी तिचीच. मी पानं उलटत गेले. एका पानावर सोमवारची आठ नावं, त्याखाली पट्टीनं मारलेली लाल रेघ, आणि त्यापुढे काही नाही. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही कोरं. मी तारीख मोजली तर चौदा आठवडे होत होते.

मी विचारलं, मशीन बिघडलं होतं का? नाही. भिंगं संपली होती? नाही. मग तू आजारी होतीस? तेही नाही. मग माझा पारा चढला आणि मी म्हणाले, चौदा आठवडे सर्जन हातावर हात ठेवून बसते आणि बाहेर शंभर आंधळी माणसं बाकावर बसतात, हा काय प्रकार आहे?

तिला माझा राग कळला असं मला वाटत नाही. ती साधेपणानं म्हणाली, "तुमचं पत्र आलं ना."

आणि तिनं रजिस्टरचं पुठ्ठ्याचं पान उलटलं. आतल्या बाजूला माझं पत्र नीट चिकटवलेलं होतं. खाली माझं नाव आणि हुद्दा, 'निवृत्त' हा शब्द मी मुद्दाम घातला नव्हता. मधल्या एका ओळीखाली तिनं पेन्सिलनं रेघ मारली होती. ती ओळ अशी होती, की आम्ही पोचू त्या दिवशी निदान शंभर पेशंट ऑपरेशनसाठी तयार असणं आवश्यक आहे. संख्या कमी असल्यास दौरा रद्द करावा लागेल.

"आमच्याकडे आठवड्याला आठ पेशंट येतात," ती म्हणाली. "ते मी करत राहिले असते तर शंभर कधीच जमले नसते. म्हणून त्या दिवसापासून सगळ्यांना थांबवलं. तुम्ही आला नसता तर सरांकडून नवीन पद्धत शिकायची माझी संधी गेली असती."

मी तिथल्या स्टुलावर बसले. ती ओळ सरांनी सांगितलेली नव्हती. सरांनी फक्त तारखा कळवा म्हटलं होतं. पण आमच्याकडे कॅम्पचं काय होतं ते मला ठाऊक होतं. आयोजक दोनशे पेशंट म्हणून छातीठोक सांगतात, आणि जाऊन बघावं तर मांडवात तीस म्हातारे आणि पुढाऱ्यांची भाषणं. तसं होऊ नये म्हणून मी ती अट माझ्या अकलेनं घातली होती. आमच्याकडे अशा पत्राला कोणी भीक घालत नाही, शंभर लिहिलं की पन्नास जमतात, हे धरूनच आपण लिहितो. समोरचा माणूस शब्दाला शब्द पाळेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग माझ्या डोळ्यांसमोर ते टॉवेल आले. पहिले चाळीस, मग सत्तर, मग कोपऱ्यातलं भोक. मी विचारलं, त्या शिंप्याचा डोळा तू शेवटचा कधी तपासलास? ती म्हणाली, नाव लावलं तेव्हा, चौदा आठवड्यांपूर्वी. समोर धरलेली बोटं त्यांना मोजता येत होती तेव्हा. गाव लांब आहे, आज थेट ऑपरेशनलाच आलेत. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्यांना आण.

अंधाऱ्या खोलीत सुनेनं त्यांना स्टुलावर बसवलं. डोळा लाल होता, बुबुळाच्या जागी दुधासारखं पांढरं. मी बंद पापणीवर दोन बोटं ठेवून अलगद दाबून पाहिलं. निरोगी डोळा बोटाखाली दबतो. हा सुपारीसारखा कडक होता. पिकून पिकून मोतीबिंदू आत फुटला की डोळ्यातला दाब असा चढतो, आणि मग मागची नस मरायला फार दिवस लागत नाहीत. नस जिवंत आहे की नाही ते कळायला एकच साधी परीक्षा असते. बॅटरीचा उजेड चारी बाजूंनी डोळ्यावर टाकायचा आणि पेशंटनं सांगायचं, आहे का नाही. उजेडसुद्धा कळत नसेल तर ऑपरेशन करून काही उपयोग नाही.

मी उजवीकडून बॅटरी लावली. शिंपी म्हणाले, आहे. वरून लावली, आहे. डावीकडून, खालून, आहे, आहे. डॉक्टरीणीनं सुटकेचा श्वास सोडला. मलाही हायसं वाटायला हवं होतं, पण तीस वर्षांत मी हजारो पेशंट पाहिलेत. शिंपी फार पटकन बोलत होते. बॅटरीचा खटका वाजला की लगेच बोलत होते.

मी बॅटरी जमिनीकडे धरली आणि खटका दाबला. ते म्हणाले, आहे.

मग मी खटका न वाजवता, पेटलेलीच बॅटरी सावकाश वर आणली आणि त्यांच्या डोळ्यापासून चार बोटांवर धरली. सगळा चेहरा उजळला. शिंपी गप्प. मान किंचित तिरकी करून ते खटक्याची वाट बघत होते. मी तशीच उभी राहिले. कोपऱ्यात सून रडायला लागली, आवाज न करता.

तिच्याकडून मग सगळं बाहेर आलं. एकोणीस दिवसांपूर्वी रात्रंदिवस डोळा ठणकायला लागला, उलट्या झाल्या. ती म्हणत होती दवाखान्यात जाऊ. सासरे म्हणाले, नाही, आता गेलो तर म्हणतील डोळा बिघडलाय, आणि पहिला नंबर जाईल. एकोणीसच तर दिवस राहिलेत, पाहुणे येतायत. ओला फडका डोळ्यावर बांधून ते मशीनवर बसले आणि बोटांच्या अंदाजानं टॉवेल शिवत राहिले. शेवटी तेही जमेना तेव्हा सुनेनं ते हातानं पुरे केले. हे सगळं ती डॉक्टरीणीला सांगत होती आणि डॉक्टरीण मला.

सर आले, त्यांनी यंत्रावर डोळा पाहिला, दाब उतरवायचं औषध सुरू करायला सांगितलं. ठणका थांबेल, म्हणाले. दिसण्याचं विचारलं तर नुसती नाही अशी मान हलवली. बाहेर आल्यावर मी त्यांना त्या ओळीबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं. "मी शंभर म्हटलं नव्हतं, सिस्टर," ते म्हणाले. मी म्हटलं, नव्हतं. मग ते म्हणाले, की झालं ते झालं, उद्या दोन नंबरापासून सुरू करू, आणि शिंप्याला काचबिंदू झाला एवढंच सांगू. ते खोटंही नाही. त्याला आणखी कशाला त्रास. ज्युनियर डॉक्टरला समजावतात तशा आवाजात ते बोलत होते आणि मी चक्क हो म्हणाले. मला हो म्हणायला सोपं गेलं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

सकाळी आठला मी थिएटरच्या दारात उभी होते. आतमध्ये सर हात धुऊन तयार. डॉक्टरीणीनं व्हरांड्यात येऊन आकडा पुकारला. दोन. पहिल्या बाकावरून शिंपी उठले. औषधानं ठणका उतरला होता, चेहरा मोकळा दिसत होता, दाढी केलेली होती. आपण आकडा चुकीचा ऐकला असेल, असं वाटून त्यांनी छातीवरचं कार्ड बोटानं चाचपलं. शेजारची दोन नंबरची म्हातारी काठी टेकत पुढे निघाली. सुनेनं सासऱ्यांना हाताला धरून खाली बसवलं. डॉक्टरीण खाली बघत होती. काल त्यांना ती काय म्हणाली कोण जाणे, पण काहीच धड म्हणालेली नव्हती, कारण तो माणूस अजून नंबराची वाट बघत होता.

मला आत जायचं होतं. सर खोळंबले होते. मी मास्क खाली ओढला, बाकापाशी गेले आणि शिंप्याच्या शेजारी बसले. डॉक्टरीणीला म्हटलं, मी सांगते ते जसंच्या तसं सांग. एक शब्द कमी करायचा नाही, गोडही करायचा नाही. ती नको म्हणाली. मी म्हटलं, सांग.

मी म्हणाले, "तुमचा डोळा गेलाय. ऑपरेशन करून परत येणार नाही. चौदा आठवड्यांपूर्वी केलं असतं तर दिसलं असतं. या डॉक्टरीणीनं ते केलंही असतं. शंभर पेशंट जमल्याशिवाय येणार नाही असं पत्र गेलं, म्हणून तिनं थांबवलं. ते पत्र मी लिहिलं."

ती थोडं थोडं सांगत गेली. आजूबाजूची माणसंही ऐकत होती, त्यांनाही ते आज पहिल्यांदाच कळत होतं. शिंप्याचा चेहरा माझ्या दिशेनं होता, पण थोडा बाजूला, जिथे माझा आवाज होता त्याच्या जरा पुढे. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. मी वाट बघत होते, की हा माणूस आता मला चार शिव्या घालेल आणि मला जरा बरं वाटेल. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. मग काहीतरी विचारलं. अगदी छोटं.

मी डॉक्टरीणीला म्हटलं, काय म्हणाले?

"ते विचारतात, शंभरच का?"

आयुष्यभर मी लोकांना उत्तरं दिली. मंत्री वॉर्डात आला तेव्हा त्यालाही बूट काढून ये म्हणाले. शंभर का? ऐंशीला विमान आलं नसतं का? वीसला आलं नसतं का? ते पत्र मी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता फोनवर लिहिलं होतं. आधी पन्नास लिहिलं. मग वाटलं, पन्नास म्हटलं तर पंचवीस जमवतील. म्हणून पुसून शंभर केलं आणि भाजी धुवायला उठले.

मी म्हटलं, "सांग त्यांना, काही कारण नव्हतं. सहज लिहिलं."

डॉक्टरीणीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं ते सांगितलं. त्यांच्या भाषेतही तो शब्द लहानच असावा, कारण लगेच संपला.

शिंप्यानं मान हलवली. गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर हलवतात तशी. मग छातीवरची टाचणी काढून त्यांनी कार्ड सुनेकडे दिलं, उठून उभे राहिले आणि जाताना आणखी एक वाक्य बोलले. डॉक्टरीणीनं ते मला न विचारताच सांगितलं. ते म्हणाले होते, म्हणजे एक टॉवेल उरेल. लाल फुलीचा पहिला मी माझ्यासाठी शिवला होता, तो दुसऱ्या कोणालातरी लावा.

मी आत गेले, पुन्हा हात धुतले. ड्रम उघडला तर वरच लाल फुली होती. दोन नंबरच्या म्हातारीच्या तोंडावर मी तो टॉवेल अंथरला. भोक बरोबर डोळ्यावर आलं, सुताचाही फरक नव्हता. मी सरांना म्हटलं, सुरू करा.